बुटातली वाळू

कोथरूडच्या गॅलरीत आज बूट झटकले तर चांगली मूठभर वाळू निघाली. सिडनीला लेकाकडे गेलो होतो, तेव्हाची. तिथून उत्तरेला अ‍ॅना बे, आणि समुद्राला लागूनच ३२ किलोमीटर पसरलेल्या स्टॉकटनच्या वाळूच्या टेकड्या. जमीन मूळची वोरिमी या तिथल्या आदिवासी लोकांची.

टेकड्यांवर फिरवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने सुरुवातीलाच खाली उतरून चारही टायरांची हवा सोडायला घेतली. फुस्सऽऽ! हे तर घाबरलेच. रविवारी पंपावर हवा भरायला रांग लावणारा माणूस! मग कळलं, हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर पडतं आणि गाडी रुतत नाही.

टेकडीच्या माथ्यावर पोचलो की पुढे नुसतं आकाश. बॉनेटच्या पुढे खाली काय आहे, दिसतच नाही. आणि मग गाडी सरळ नाक खाली करून घसरते. तिरकी घेतली तर कलंडते म्हणे. सिंहगडाच्या घाटात मी यांना "हळू हो" म्हणते, इथे तोंडातून शब्दच फुटेना. डोळे मिटून समोरचा दांडा धरला. तिसऱ्या उताराला मात्र मीच ओरडले, "अजून एकदा!"

वाटेत टिन सिटी लागली. १९३०च्या मंदीत लोकांनी पत्र्याच्या झोपड्या बांधल्या, त्यातल्या काही अजून उभ्या आहेत. वाऱ्याने वाळू सरकत दारापर्यंत येते, ती सारखी उपसावी लागते. आणि आपण रस्त्यावरच्या धुळीच्या नावाने बोटं मोडतो!

वाळू डबीत ठेवणार होते. यांनी तोवर ती कढीपत्त्याच्या कुंडीत टाकली होती.