अँड सन्स

'अंडरटेकर' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो कुस्तीच्या पत्त्यांत. उंची, वजन, रँक यांवर आम्ही गच्चीत डाव मांडायचो आणि अंडरटेकर हाती आला की निम्मा डाव खिशात! हा शब्द इंग्लंडात मर्तिकाची व्यवस्था बघणाऱ्याचा आहे, मुळात 'काम अंगावर घेणारा', हे कळायला कॉलेज उजाडलं.

पुढे लंडनच्या लेव्हर्टन अँड सन्सबद्दल वाचलं आणि त्या 'अँड सन्स'मध्ये अडकलोच. हे घराणं १७८९ पासून याच धंद्यात आहे. तेव्हा शनिवारवाड्यात सवाई माधवराव होते आणि कारभार नाना फडणीसांकडे होता. पेशवाई बुडाली, लेव्हर्टनांची पाटी अजून आहे. मूळ पुरुष इंग्लंडातल्याच डेव्हन परगण्याकडून आलेला सुतार. तेही बरोबरच. शवपेटीसाठी माणसं सुताराच्याच दारात येणार. पेटी केलीस तर पोचवही बाबा, असं म्हणत बाकीचंही त्याच्या गळ्यात पडत असणार. शाळेत 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात या घरातली पोरं काय लिहीत असतील?

१९९१ मध्ये राजघराण्याचं काम त्यांच्याकडे आलं. आधीच्या कंपनीकडून ताब्यात मिळालेल्या वस्तूंत एलिझाबेथ राणीची शवपेटीही होती! ओक लाकडाची, आतून शिशाचं अस्तर. राणी धडधाकट. मध्ये १९९७ साली डायना गेली, २०२१ मध्ये प्रिन्स फिलिप. ती पेटी आपली वाट बघत थांबलेली. राणीने तिला २०२२ पर्यंत तिष्ठत ठेवलं.

आमच्या वाडीत हे सगळं खातं एका काकांकडे होतं. पाटी नाही, बिल नाही. कुणी गेलं की आधी डॉक्टर, मग काका. ते बनियनवरच यायचे, खाली मान घालून अंगणात बसायचे आणि दोन लांब बांबूंवर कामट्या टाकून सुंभाने अशा आवळायचे की बघत राहावं. मडकं कुणी धरायचं, गोवऱ्या पेटल्या का, पासासाठी कोण गेलंय, हे सगळं तोंडाने चालू. मध्येच 'सुनेला चहा द्या रे कुणीतरी'. एरवी हे काका पोस्टात कारकून. त्यांचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याला बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नाही, असं काकाच सांगायचे.

मागच्या पावसाळ्यात काका गेले. सामान आलं. आम्ही चौघे बांबूंभोवती उकिडवे बसलो. कामट्या सरकत होत्या, सुंभ भिजलेला, गाठ बसेना. एकजण म्हणाला आधी खालची बांध, दुसरा म्हणाला मधली.

"अरे, काकांना विचारा की," तिसरा बोलून गेला.