रोज हाक मारणारं अ‍ॅप मला नको

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर, बोअर गेज आणि रिजेक्शनची लाल पेटी. त्यामुळे मोजणारं काहीही हातात आलं की आधी विचारावंसं वाटतं, याचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर दाखवतं का याची तपासणी, कधी झालंय? फोनमधल्या व्यायामाच्या अ‍ॅप्सनाही मी तेच विचारत गेलो. बरीचशी रिजेक्ट झाली, पण त्याचं मुख्य कारण आकड्यांत नव्हतं.

मी करतो तो व्यायाम हिट (HIIT), म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग: थोडा वेळ जीव तोडून कसरत आणि मग विश्रांती. माझ्या वयाला, ४८ला, आठवड्यातून दोनदा पुरतं, फार तर तीनदा. अ‍ॅपचा धंदा मात्र आपण ते रोज उघडण्यावर चालतो. म्हणून ते सलग दिवसांची साखळी मोजतं, खाडा झाला की टोमणा मारतं. त्यात माझी थर्ड शिफ्ट. मी मशीनशेजारी उभा असताना रात्री बारा वाजता अ‍ॅपचा दिवस संपतो आणि साखळी तुटल्याचं सांत्वन येतं. रात्रपाळीच्या आठवड्यात मी हिटला हातच लावत नाही. झोप अर्धी झालेली असते, त्यावर हा मार कशाला? तेव्हा पहिली चाळणी हीच: विश्रांतीचा दिवस मला माझ्या हातानं टाकता येतो का, आणि त्या दिवशी अ‍ॅप गप्प बसतं का?

दुसरी गोष्ट ‘तबाता’ची. निम्म्या टायमर अ‍ॅप्सवर हे नाव असतं. २० सेकंद काम, १० सेकंद विश्रांती, आठ फेऱ्या, चार मिनिटांत खेळ खलास. इझुमी तबाता यांचा १९९६चा तो प्रयोग सायकलच्या यंत्रावर झाला होता, आणि त्यातली तरुण मुलं शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी होती. जोर इतका, की सात-आठ फेऱ्यांत पाय पूर्ण संपावेत. गच्चीवर चार मिनिटं बैठका मारून वर गप्पा मारता येत असतील, तर घड्याळ तबाताचं आणि व्यायाम आपला साधा. वाईट नाही तो, पण अ‍ॅपनं दाखवलेल्या कॅलरींवर जाऊन मिसळ हाणू नये. (हाणतो आम्ही, ते वेगळं.)

आता कॅलिब्रेशन. बहुतेक अ‍ॅप्स हृदयाच्या कमाल ठोक्यांसाठी २२०मधून वय वजा करतात. माझे आले १७२. दुसरं एक सूत्र आहे, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. त्यानं १७४ येतात. दोन ठोक्यांचं काही नाही, पण दोन्ही सरासरीचे आकडे. प्रत्यक्ष माणूस त्याहून दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असतो, म्हणजे अ‍ॅपचा लाल झोन, सगळ्यात जोराचा टप्पा, माझा लाल झोन असेलच असं नाही. हा आकडा हातानं बदलू न देणारं अ‍ॅप मी ठेवत नाही. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालचं रक्त वाचतं. हात हलला, घड्याळ सैल असलं की ते गोंधळतं, आणि डिसेंबरातल्या नाशिकच्या पहाटे मनगट गार पडलेलं असलं की आणखीच. २० सेकंदांच्या फेरीत त्याचा आकडा वर चढेपर्यंत फेरी संपलेली असते. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, तो इथे बराच बरा. ब्लूटूथचा कुठलाही पट्टा जोडून घेणारं अ‍ॅप बघावं. स्वतःच्याच कंपनीच्या घड्याळावर अडून बसणारं नको.

माझी खरी परीक्षा पांडवलेणीच्या पायऱ्यांवर होते. कंपनीपासून जवळ, फर्स्ट शिफ्ट सुटली की जाता येतं. जोरात वर चढायचं, सावकाश उतरायचं. इथे २०-१०चा टायमर कामाचा नाही, कारण उतरायला किती वेळ लागेल ते गर्दीवर. सहलीची शाळा आली असेल तर उतरणं लांबतं, मध्येच एखाद्या आजी वाट विचारतात. त्यामुळे बटण दाबलं की फेरी सुरू, दाबलं की संपली, एवढंच करणारं अ‍ॅप लागतं. बटणही मोठं हवं, घामाच्या अंगठ्याला सापडेलसं. शिवाय एरवी वेळ लावून फेऱ्या करताना फोन लॉक करून खिशात टाकला, वर गाणी लावली, तरी शिटी ऐकू यायला हवी. बॅटरी वाचवायच्या नावाखाली फोन मागे चालणारं अ‍ॅप झोपवतो आणि आपण पुढच्या शिटीची वाट बघत पळत राहतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट देता येते. तरीही झोपलं, तर डिलीट. इंटरनेट बंद करूनही एकदा चालवून बघावं.

साध्या टायमरला माझे कॉन्टॅक्ट कशाला हवेत, हे मला आजवर कळलेलं नाही. लोकेशनही पळायचा नकाशा हवा असेल तरच द्यावं. पळण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपच्या जागतिक नकाशावरून २०१८मध्ये अमेरिकी लष्करी तळांच्या वाटा उघड झाल्या होत्या. आमच्याकडे देवळाली कॅम्पच्या लष्करी छावणीच्या आसपास पळणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. बाकीच्यांनी निदान घराजवळचा भाग लपवावा, तशी सोय स्ट्राव्हात आहे.

पैशांचं थोडक्यात: फुकटचे सात दिवस घेताना पैसे आपोआप कापणारा ऑटोपे चालू होतो, आणि अ‍ॅप काढून टाकलं म्हणून तो बंद होत नाही. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन तो वेगळा रद्द करावा लागतो. आणि चाळिशी उलटलेल्यांनी अ‍ॅपच्या ‘मी तंदुरुस्त आहे’ या चौकोनावर टिक करण्याआधी डॉक्टरांना भेटावं. मी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, करून घेतली, मगच पायऱ्या चढायला लागलो.

सध्या फोनमध्ये दोनच ठेवलीत. एक साधा टायमर आणि एक पट्ट्याचे ठोके नोंदवणारं. टायमरमध्ये फेऱ्यांना आपण देऊ ती नावं तो फोनच्या आवाजात वाचतो, आणि फोनचा आवाज मराठी निवडता येतो. नावं लेकीनं भरून दिली. ‘पळा बाबा’ आणि ‘बसा आता’. परवा पायऱ्यांवर हेडफोन निघाला आणि ‘पळा बाबा’ मोठ्यानं वाजलं, तर पुढे चाललेले दोन काका दचकून बाजूला झाले.