तुम्ही विचारलंत म्हणून: बोलणं-चालणं ठीक, मग लॅक्ट्युलोज कशाला?

सिरोसिसच्या (यकृत निबर होण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या घरच्यांचा हा प्रश्न ठरलेला. रुग्ण माणसं ओळखतो, हिशेब चुकत नाही. तरी डॉक्टर म्हणतात मेंदूवर सौम्य परिणाम आहे, आणि देतात पोट साफ होण्याचं औषध!

आतड्यात तयार होणारा अमोनिया निरोगी यकृत युरियात बदलतं. सिरोसिसमध्ये ते काम अपुरं पडतं, काही रक्त यकृताला वळसा घालूनच पुढे जातं आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. आधी मंदावतात लक्ष आणि वेग. गप्पांमध्ये हे कळत नाही. गाडी चालवताना ब्रेक उशिरा लागतो, तोल जातो, तिथे कळतं.

म्हणून चाचणी लागते. कागद-पेन्सिलच्या पाच चाचण्यांच्या संचात विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने जोडायचे असतात, दोन रेषांमधून कडेला न लागता रेघ ओढायची असते, वगैरे. वय-शिक्षण धरून काढलेली गुणांची बेरीज उणे ४ च्या खाली गेली तर दोष मानतात. वेळ नसेल तर एका मिनिटात प्राण्यांची नावं विचारावीत: १५ च्या वर आली तर बहुधा ठीक, १० सुद्धा झाली नाहीत तर संशय दाट. चष्मा घरी राहिला असेल, रात्रभर जागरण किंवा झोपेची गोळी झाली असेल, तर ती चाचणी फुकट. सोडियम कमी असलं तरी गुण घसरतात. रक्तातला अमोनिया नुसता वाढला म्हणून निदान होत नाही. नमुना बर्फात ठेवून लगेच तपासला नाही तर आकडा खोटाच वाढतो. नॉर्मल आला, तर मात्र दुसरं कारण शोधावं.

आता औषध. लॅक्ट्युलोज आतड्यात आम्लता वाढवतं, त्यामुळे अमोनिया रक्तात न जाता शौचावाटे जातो. सुरुवात साधारण १५ ते ३० मिली, दिवसातून दोनदा. पुढचा डोस मात्र चमच्यांवर नाही, शौचावर ठरतो: दिवसाला दोन-तीन मऊ शौच. एकच होत असेल तर डोस कमी पडतोय. पाण्यासारखे पाच-सहा जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारून कमी करा. पाणी आणि क्षार घटले की मेंदूचा गोंधळ उलट वाढतो. जुलाब होत असतानाही तोच डोस चालू ठेवणं, ही घरी होणारी चूक. भरीला बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, लघवीच्या गोळ्यांचा जादा डोस आणि झोपेच्या गोळ्या, हे गोंधळ वाढवणारे नेहमीचे गुन्हेगार. रिफॅक्सिमिन (आतड्यातल्या जंतूंवरचं प्रतिजैविक) ५५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, तेही डॉक्टरांना गरज वाटली तरच.

‘प्रथिनं बंद करा’ हा जुना सल्ला विसरा. स्नायूही अमोनिया पचवतात. ते झडले की नुकसानच. वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, थोडी थोडी विभागून, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाणं.

काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करा, पण तोच कागद नको: सरावानेही गुण वाढतात. तोवर गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवावी.