आवाज वर गेला, खाली आला नाही

जुलैचा दुसरा रविवार होता. गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटात रविवारी आमचं काम म्हणजे अर्धं वनरक्षकाचं आणि अर्धं बाटल्या उचलणाऱ्याचं. सकाळी साडेअकराच्या सुमारास मी आणि आमचा वॉचर एका वळणावर धबधब्याखाली शिरलेल्या लोकांना बाहेर काढत होतो. तेवढ्यात वरच्या वाड्यावरचे धनगर आजोबा घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन खाली आले. म्हैस शोधायला निघाले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तीन फटफट्या गेल्या वर. नऊच्या टायमाला. आवाज वर गेला, खाली नाय आला."

"दुसऱ्या वाटेने उतरल्या असतील, आजोबा."

"दुसरी वाट हाय खंय?"

नव्हतीच. ती जुनी लाकूडतोडीची वाट, दोन व्हाळ, म्हणजे डोंगरातले ओढे, ओलांडून वर सड्याला, माथ्यावरच्या कातळाला, लागते आणि तिथेच संपते. वर दहा वाजल्यापासून पाऊस धरलेला खालूनही दिसत होता. आमच्या डोक्यावर मात्र भुरभुर. घाटात नवख्या माणसाची फसगत इथेच होते. तो आपल्या डोक्यावरचा पाऊस बघतो आणि व्हाळ भरतो तो वरच्या पावसाने.

हा सगळा पट्टा म्हादई अभयारण्यात येतो. १९९९ साली ते घोषित झालं, क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. मधून डांबरी रस्ता जातो आणि त्यावरून कुणीही जावं, कायद्याची ना नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७व्या कलमात सार्वजनिक रस्त्याने जाणारा, आत राहणारा, आत जमीनजुमला असलेला आणि कामावरचा सरकारी नोकर यांना मोकळीक आहे, बाकीच्यांना परवाना लागतो. म्हणजे डांबराची कड हीच हद्द. चाक एक हात बाहेर गेलं की गुन्हा. लोकांना हे हास्यास्पद वाटतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मलाही वाटायचं.

वाटेला लागलो तेव्हा चिखलात खाचांच्या टायरचे तीन माग स्पष्ट दिसत होते. पहिला व्हाळ घोट्याएवढा. दुसऱ्याचा आवाज मात्र अर्ध्या मैलावरून यायला लागला, आणि तो ऐकून आजोबा बोलायचे थांबले.

पाणी चहासारखं तांबूस झालेलं, वर काटक्या आणि हिरवा पाला वाहत होता. सुकलेला पाला वाहतो तेव्हा पाणी नुकतंच चढू लागलेलं असतं. हिरवा दिसला तर वर काठ तुटतायत असं समजायचं. पलीकडे तीन पोरं. दोघं उभी राहून हात हलवत होती, तिसरा दगडाला टेकून पडलेला. एक बाइक काठावर, एक आडवी, तिसरीचं नुसतं हॅन्डल पाण्याबाहेर.

आमच्या वॉचरचं वय चोवीस. म्हादईच्या पाण्यात वाढलेलं पोर. बोलता बोलता त्याने दोर काढून कमरेला गाठ मारलीसुद्धा. "दादा, मी जातो. पन्नास पावलं तर आहेत."

मी ती गाठ सोडली. वाहत्या पाण्यात माणसाला दोर बांधून सोडायचं नसतं. पाय सुटला की प्रवाह माणसाला ओढतो, दोर त्याला जागच्या जागी धरून ठेवतो आणि तो पाण्याखाली जातो. हे मला एका शिबिरात शिकवलं होतं, पण खरं पटलं ते एकदा भिजलेलं ओंडक्याचं लाकूड तसं बुडताना पाहिलं तेव्हा. पोराला राग आला. मी त्याला उलट्या दिशेने, वरच्या टेपाडावर पाठवलं. तिथे मोबाइलला रेंज मिळते. १०८ला आणि वाळपईच्या कचेरीत कळवायला सांगितलं. खरं तर रेंज महत्त्वाची होतीच, पण त्याला पाण्यापासून लांब ठेवणं मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

मग पाणी चढतंय की उतरतंय ते कळावं म्हणून मी काठालगतच्या पाण्यात एकापुढे एक तीन दगड ठेवले आणि बसलो.

नोकरीतल्या सगळ्यात लांब तासांत हे दोन तास मोडतात. पलीकडचं एक पोर चिडून हातवारे करत होतं. शिव्याच देत असणार. पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हत्या हे बरं. एकदा तर ते गुडघाभर पाण्यात उतरलं. मी शिट्टी इतकी वाजवली की तोंड दुखलं. नुसतं गुडघाभर पाणी, पण वेगाचं असेल तर उभा माणूस पाडतं. तेही डगमगलं आणि मागे फिरलं. मी खुणेने सांगितलं, तिघांनी एकमेकांना चिकटून बसा, जखमी पोराखाली पिशव्या घाला, ओल्या जमिनीवर ठेवू नका. गोव्यात थंडीने माणूस गारठतो म्हटलं तर लोक हसतात. चार तास भिजून वाऱ्यात बसून बघावं. त्या पोराचे ओठ मला अलीकडून निळे दिसत होते.

आजोबा विडी विझू न देता म्हणाले, "लहान व्हाळ. चडता तसो देंवता." म्हणजे चढतो तसाच उतरतो. तेवढ्याच आधारावर मी बसलो होतो. वर पुन्हा पाऊस धरला असता तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

पाऊण तासाने पहिला दगड कोरडा पडला. आणखी तासाभराने तिन्ही. वॉचर परत आला होता. आम्ही पन्नास पावलं वर गेलो, जिथे व्हाळ पसरट होतो. अरुंद जागी पाणी कमी दिसतं पण खोल असतं. तिघे एकमेकांचे खांदे धरून, काठीने तळ चाचपत पलीकडे गेलो.

नडगी मोडली होती. व्हाळाच्या मधोमध पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलं, इंजिन बंद पडलं, बाइक कलंडली आणि पाय दगड नि बाइकच्या मध्ये सापडला. दोन काठ्या लावून पाय बांधला, बांधायला त्यांच्याच बाइकची जादा ट्यूब कापली. आजोबांनी घोंगडी काढून दिली. दोन बांबूंमध्ये ती घालून डोली केली. बाइकने वीस मिनिटांत चढलेली वाट उतरायला आम्हाला सव्वाचार तास लागले. मागे वाळपईहून आलेले चौघे खांदा द्यायला होते म्हणून तेवढ्यात झालं. गाडी किती आत नेते याचा हिशेब चालवणारा करतो. तिथून पायांनी परत यायचं झालं तर, हा हिशेब कुणी करत नाही.

वाटेत कळलं, दोघे बेळगावचे, एक म्हापशाचा. कुणीतरी नेटवर टाकलेला या वाटेचा जीपीएस माग त्यांनी फोनमध्ये उतरवून घेतला होता. मी त्या मागाची तारीख बघितली. फेब्रुवारी. फेब्रुवारीत त्या व्हाळात बेडूक सुद्धा भिजत नाही. डोलीला खांदा देणारं एक पोर सांगत होतं, आदल्या हिवाळ्यात ते गुलमर्गला जाऊन बर्फावरची स्कूटर चालवून आलं होतं. तिथला गाइड ठरलेल्या पट्ट्याबाहेर, उताराच्या खाली जाऊच देत नव्हता, वरून बर्फ सुटतं म्हणून. "तिथे ऐकलंत ना?" मी विचारलं. "तिथे भीती दिसत होती, साहेब. इथे नुसतं हिरवंगार."

या वाक्यावर मी अजून विचार करतो. २०२३च्या जुलैत दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले, तेव्हाही सगळं हिरवंगारच होतं. त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली आणि लोक आम्हालाच शिव्या घालू लागले.

अँब्युलन्स निघाल्यावर मी पंचनाम्याचे कागद काढले. दोघांचे चेहरे पडले. "साहेब, तुम्हीच वाचवलंत आणि तुम्हीच केस करता?" तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, ही शिक्षा मी वाचून दाखवली. २०२२च्या दुरुस्तीआधी दंडाची मर्यादा पंचवीस हजार होती. बाइक जप्त. फलक दिसला नाही, असं ते म्हणाले. मग वॉचरने त्यांच्याच फोनमधला सकाळचा फोटो दाखवला, तिघेही हसत उभे आणि मागे अभयारण्याचा फलक, अक्षरं वाचता येतील इतका स्पष्ट.

सोडून द्यावं असं मनात आलं नाही म्हणणार नाही. पोरं वाईट नव्हती. पण त्याच वाड्यावरचा माणूस स्वतःच्या काजूत जायला निघाला की आम्ही त्याला हटकतो. कारण जमिनीवरच्या हक्कांचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत. त्याच्या देखत बाहेरच्यांना चहा पाजून पाठवलं असतं, तर पुढच्या वेळी "आवाज खाली नाय आला" हे सांगायला कोण आलं असतं?

साडेतीन आठवड्यांनी पाय मोडलेल्या पोराचे वडील वाळपईला आले. पेढ्यांचा पुडा आणि एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत घोंगडी होती, स्वच्छ धुतलेली, घडी घातलेली, साबणाच्या वासाची. आम्ही ती आजोबांकडे नेऊन दिली. त्यांनी नाकाशी धरली, हाताने चोळली आणि माझ्याकडे बघितलं.

"धुतली?"

"हो आजोबा, त्यांनी मुद्दाम..."

"लोकरीचं तेल गेलं." त्यांनी ती परत पिशवीत घातली. "आता पाणी धरणार ही. सांग त्यांना, माझा पावसाळा अजून अर्धा हाय."