काळी पाचचं क्लॅरिनेट

गेल्या पावसाळ्यात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक मुलगा माझ्याकडे आला. मी कोल्हापुरात पियानो शिकवते. ताराबाई पार्कातल्या एका घरगुती मैफलीत आम्हा दोघांना पाश्चात्त्य संगीताच्या रोमँटिक काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं, काहीतरी वाजवायचं होतं. काय वाजवायचं, ते त्या दुपारी ठरणार होतं. नोटेशन त्याला आजोबांनी शिकवलेलं, तेही बँडवालेच.

माझ्या मनात जर्मन संगीतकार शूमानचे १८४९ मधले ‘फँटसीश्टुके’ होते, क्लॅरिनेट-पियानोचे तीन छोटे तुकडे. प्रत बघताच तो म्हणाला, “मॅडम, हे पांढरी सहाच्या क्लॅरिनेटचं हाय न्हवं? माझं काळी पाचचं.”

बरोबरच होतं. शूमाननं ते ए क्लॅरिनेटसाठी, म्हणजे पेटीच्या पट्टीत पांढरी सहासाठी, लिहिलंय आणि याच्याकडे बँडमधलं बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच. बी फ्लॅटसाठी पट्टी बदलून लिहिलेली प्रत मिळते, पण दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात मूळ वाद्यावर जिथे सरळ, एकही शार्प नसलेला सी मेजर आहे, तिथे याला पाच शार्प, म्हणजे पाच चढे स्वर, सांभाळावे लागले असते. जर्मन संगीतकार ब्राम्सचा ट्रिओ आणि क्विंटेट, दोन्ही १८९१ चे, तेही ए क्लॅरिनेटसाठी, म्हणून बाजूला पडले. राहिला वेबर या संगीतकाराचा क्लॅरिनेट-पियानोचा ‘ग्रँड ड्युओ’. तो काळी पाचचाच, आणि टाळ्या हमखास. पण हा मुलगा अख्खा सीझन ढोल-ताशांच्या वर सूर काढून जलदच वाजवत असतो. त्याला पुन्हा तेच द्यावं, हे मला पटेना.

म्हणून ब्राम्सचे १८९४ चे क्लॅरिनेट-पियानोचे दोन सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या रचना, काढले. दोन्ही बी फ्लॅटसाठी. ब्राम्सनं संगीत लिहिणं थांबवायचं ठरवलं होतं. जर्मनीतल्या माइनिंगनच्या दरबारी वाद्यवृंदातल्या रिखार्ड म्यूलफेल्टचं वादन ऐकून तो पुन्हा लिहिता झाला. म्यूलफेल्ट मुळात व्हायोलिनवादक, क्लॅरिनेट स्वतःच शिकलेला. हे ऐकून पोरगं सावरून बसलं.

पहिल्या सोनाटातला अँडान्टे, म्हणजे संथ भाग, सूर काळी चार. माझा पियानो सुरात जरा उतरलेला, म्हणून त्यानं बॅरल, म्हणजे क्लॅरिनेटचा तोंडाजवळचा तुकडा, थोडं बाहेर ओढलं, रीड ओली केली आणि सुरुवात केली. आवाज थेट मिरवणुकीचा! खिडकीची काच थरथरली. मी थांबवलं. “इथं ताशा नाही रे. फक्त मला ऐकू येईल एवढंच वाजव.”

दुसऱ्यांदा त्यानं फुंक आवरली. स्वर आधी फाटला, मग धरला गेला. लांब वाक्याच्या शेवटी श्वास संपत आला, तरी त्यानं स्वर तोडला नाही. बारीक करत नेला. पियानोच्या स्वरांतून तो इतका स्वच्छ ऐकू येत होता की माझे हात आपोआप हलके झाले. असा पियानिसिमो, म्हणजे अगदी बारीक आवाज, मी आमच्या गावात कुणाकडून ऐकला नव्हता.

“लई अवघड हाय, मॅडम. जोरात वाजवणं सोपं,” तो घाम पुसत म्हणाला.

अँडान्टे आणि त्यापुढचा, जरा चालीतला भाग, अलेग्रेटो, एवढंच मैफलीला ठरलं. पहिला भाग दिवाळीनंतर बघू म्हटलं, तर तो म्हणाला, “तुळशीच्या लग्नानंतर मला येळ न्हाई. आत्ताच काढूया की.” मग रविवारची वेळ ठरवून त्यानं तिन्ही भागांची झेरॉक्स नेली.