पोर्टलंडला राइट द डॉक्सला जाऊन आले (काम शोधणाऱ्यांनी जरूर वाचा)

टेक्निकल रायटिंगमध्ये काम शोधताय, एच-४ वर (जोडीदाराच्या एच-१बीवर मिळणारा डिपेंडंट व्हिसा) आलात, मधे गॅप पडली, आता ईएडी (काम करायची परवानगी) हातात आहे पण रेझ्युमे पाठवून पाठवून कोणी हूं का चूं करत नाही, अशांसाठी हे मुख्यतः लिहितेय. बाकीच्यांनी खाण्यापिण्यापुरतं वाचलं तरी हरकत नाही.

राइट द डॉक्स ही डॉक्युमेंटेशनवाल्यांची, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिणाऱ्यांची कॉन्फरन्स, २०१३ पासून पोर्टलंडला होते, हल्ली मे महिन्याच्या सुरुवातीला. मी सिएटलहून ॲमट्रॅक कॅस्केड्स या रेल्वेने गेले, साधारण साडेतीन तास लागतात, गाडी चालवायची कटकट नाही आणि शेवटी कोलंबिया नदी ओलांडताना मस्त दिसतं. युनियन स्टेशनला उतरलात की बस नाहीतर मॅक्स (शहरातली लाइट रेल), तिकीट काढत बसायचं नाही, क्रेडिट कार्ड टॅप केलं की झालं. ओरेगनला सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे लॅपटॉपचं काही घ्यायचं राहिलं असेल तर तिथेच घ्या.

हॉल म्हणजे रेव्होल्यूशन हॉल, पूर्वीचं वॉशिंग्टन हायस्कूल. या शाळेचा एक विद्यार्थी म्हणजे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग, अमेरिकन इतिहासाचा विषय राहिला म्हणून त्याला डिप्लोमाच दिला नव्हता, तो दिला १९६२ मध्ये, तोवर नोबेल घेऊन झालं होतं! आपल्याकडे सर्टिफिकेटचा केवढा सोस, आणि या क्षेत्रात तर ज्या एसटीसीच्या (सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन) मेंबरशिपला आणि सर्टिफिकेटला इतकी वर्षं वजन होतं ती संस्थाच जानेवारी २०२५ मध्ये बंद पडली. त्यामुळे तुमचं स्वतःचं काम कुठे दिसतंय का, एवढंच बघितलं जातं.

आणि तिथेच आपलं अडतं. हिंजवडीत बसून लिहिलेल्या मॅन्युअलांचा ढीग आहे, पण सगळं एनडीएखाली (गोपनीयतेच्या कराराखाली), दाखवायला एक पान नाही. मग लोक काय करतात तर लिंक्डइनवर फोटो बदलतात आणि नावाखाली काहीतरी भारदस्त इंग्रजी ओळ टाकतात. पर्सनल ब्रँड म्हणजे हेच असं शिकवणारे कोर्सही आहेत, पैसे घालवायचे तर घालवा बापडे. हायरिंग मॅनेजरला ती ओळ वाचून काही कळत नाही, त्याला हवं असतं एखादं पान, आणि जमलं तर ओळखीतलं कोणीतरी म्हणणारं की हो, हिचं काम मी बघितलंय.

म्हणून माझा सल्ला, शनिवारी रात्रीपर्यंत पोचा, रविवारचा रायटिंग डे अजिबात चुकवू नका. भाषणं नंतर यूट्यूबवर येतातच, रायटिंग डे येत नाही. टेबलं मांडलेली असतात, एकेका टेबलावर एकेक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रोजेक्ट, त्यांची माणसं तिथेच बसलेली. तुम्ही बसायचं आणि त्यांच्या डॉक्समध्ये काहीतरी दुरुस्त करायचं. मी एका छोट्या टूलच्या टेबलावर बसले, त्यांचं इन्स्टॉलेशनचं पान घेतलं आणि विंडोजवर अगदी जसं लिहिलंय तसं करत गेले, जिथे अडलं तिथे नोंद केली, दुपारपर्यंत पुल रिक्वेस्ट (ही दुरुस्ती घ्या अशी विनंती) टाकली. फार मोठं काही नाही, तीन पायऱ्या गाळलेल्या होत्या त्या घातल्या. पण सोमवारी चहाच्या वेळी त्याच टेबलावरच्या बाईंनी मला दुसऱ्या कंपनीच्या डॉक्स लीडकडे नेलं आणि सांगितलं, आमचं विंडोजचं पान हिने नीट केलं. लिंक्डइनवरच्या ओळीने वर्षभरात जे झालं नव्हतं ते तिथे अर्ध्या मिनिटात झालं.

जाण्याआधी घरी एवढं करा: गिटहबचं (असे प्रोजेक्ट जिथे ठेवलेले असतात ती साइट) अकाउंट काढा, फोर्क, ब्रँच (बदल करायला आपली वेगळी प्रत काढणं), पुल रिक्वेस्ट दोनचार वेळा करून बघा, मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) शिका, पायथन आणि नोड लॅपटॉपवर टाकून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस तिथल्या वायफायवर डाउनलोड होण्याची वाट बघत बसाल. टेबल निवडताना मोठं नाव बघू नका, ज्या विषयातलं थोडंफार कळतं तिथे बसा. टेम्प्लेट्समध्ये रस असेल तर गुड डॉक्स प्रोजेक्टचं (डॉक्ससाठी तयार टेम्प्लेट्स बनवणारा गट) काम आधी वाचून जा.

पोर्टफोलिओचं म्हणाल तर डायटॅक्सिस वाचा, डॅनिएले प्रोचिडा यांनी मांडलेली पद्धत आहे, ट्युटोरियल, हाऊ-टू, रेफरन्स आणि एक्सप्लनेशन हे चार प्रकार वेगळे ठेवायचे. प्रत्येकाचं एकेक पान करा, चारच पानं पण घासूनपुसून. आणि विषय एकच धरा. मी देवनागरी मजकूर सॉफ्टवेअरमध्ये कुठे कुठे फाटतो (सर्च, सॉर्टिंग, फॉन्ट) एवढाच धरलाय, कारण त्यात मला खरंच गती आहे आणि त्या खोलीत दुसरं कोणी ते बोलत नव्हतं. पाच मिनिटांच्या लाइटनिंग टॉकला नाव दिलं, पाय लटपटत होते पण दिलं, आणि नंतर दोन दिवस लोक मला 'ती देवनागरीवाली' म्हणूनच ओळखत होते.

गर्दीत शिरायला लाजत असाल तर तिथे पॅक-मॅन रूल पाळतात, एरिक होल्शर यांनी रूढ केलेला, घोळक्यात उभं राहताना एक जागा मोकळी सोडायची म्हणजे नवीन माणूस येऊ शकतो. त्या मोकळ्या जागेत बिनधास्त जाऊन उभे राहा. दुपारी अनकॉन्फरन्सची (ठरलेली भाषणं नाहीत, एकेका विषयावर गप्पा) टेबलं असतात, करिअरचं टेबल बहुतेक भरलेलंच, पण तिथे सगळे काम शोधणारेच जमतात, त्यापेक्षा एपीआय (प्रोग्रॅम एकमेकांशी जोडायची सोय) किंवा लोकलायझेशनच्या (सॉफ्टवेअर दुसऱ्या भाषांत नेण्याच्या) टेबलावर काम देणारे भेटायची शक्यता जास्त.

पैशाचं: तिकिटाचे वेगवेगळे दर असतात, विद्यार्थी आणि बेकार लोकांसाठी बरंच स्वस्त असतं, ते घ्यायला संकोच करू नका. ऑपॉर्च्युनिटी ग्रँटही (पैशाची मदत) असते, तिला लवकर अर्ज करा. जेवणाला फूड कार्ट्स, शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. मेमध्ये पाऊस पडू शकतो, जाकीट घ्याच.

घरी आलात की आठवड्याच्या आत प्रत्येकाला मेल, त्यात काय बोलणं झालं होतं ते एका ओळीत आणि आपल्या पानाची लिंक, रेझ्युमे मागितल्याशिवाय नाही. मला त्या डॉक्स लीडकडून सध्या अर्धवेळ कॉन्ट्रॅक्ट मिळालंय, फुलटाइमचा शोध चालूच आहे. आणि हो, परतीची गाडी बुधवारची घ्या, मंगळवारी शेवटच्या टॉकनंतर लोक जेवायला एकत्र जातात आणि स्टेशन हॉलपासून विलामेट नदीच्या पलीकडे आहे.