झाडांच्या यादीसाठी पाच दिवस : हरकत नोंदवण्याचा माझा अनुभव

रस्तारुंदीकरणात आमच्या रस्त्यावरची ६४ झाडं जाणार, अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली. ४१ तोडायची, २३ दुसरीकडे हलवायची. हरकत घेतली, सुनावणी झाली, काही झाडं वाचली. पण राग अजून गेलेला नाही आणि तो एकाच गोष्टीचा आहे. हरकतीची मुदत सात दिवसांची आणि त्यातले पाच दिवस ही ६४ झाडं नेमकी कोणती, हे कळण्यातच गेले.

महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः जाऊन झाडं पाहायची, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, झाडावर ठळक जागी नोटीस लावायची आणि मग अहवाल वृक्ष प्राधिकरणापुढे, म्हणजे झाडं तोडण्याच्या परवानगीचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, ठेवायचा. महापालिकेचं स्वतःचं काम असलं तरी यातून सुटका नाही. आमच्याकडे जाहिरात शुक्रवारी आली. शनिवार-रविवार गेले, मध्ये एक सुट्टी आली. हातात कामकाजाचे चार दिवस उरले. झाडांवरचे कागद खळीने चिकटवलेले, तेही बऱ्याच ठिकाणी कुंपणाच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथे कुणी जात नाही. पहिल्याच दिवशी प्रत्येक कागदाचा आणि कागद नसलेल्या झाडांचाही फोटो काढून ठेवा. एक पाऊस पडला की कागद जातो आणि नोटीस लावली होती की नाही, याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

जाहिरातीत फक्त रस्त्याचं नाव आणि आकडे होते. या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मिळून शंभराच्या वर झाडं आहेत. "झाडं तोडू नका" एवढंच लिहून दिलं, तर त्यावर "विकासकामासाठी आवश्यक" हे एका ओळीचं उत्तर ठरलेलं असतं. प्राधिकरणाला खरोखर उत्तर द्यावं लागतं ते झाडनिहाय हरकतीला : अमुक क्रमांकाचं झाड, अमुक कारणासाठी काढताय, ते कारण या मोजमापाने टिकत नाही. यादीशिवाय अशी हरकत लिहिताच येत नाही.

उद्यान विभागात विचारलं तर यादी पथ विभागाकडे. पथ विभाग म्हणाला, सर्वेक्षण सल्लागाराने केलंय, आमच्याकडे नुसता नकाशा आहे. परत उद्यान विभागात आलो, तर साहेब साइटवर. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं, "तुम्ही हरकत देऊन टाका, यादी सुनावणीला दाखवू." हे उत्तर अजिबात मान्य करू नका. सुनावणीत तुम्हाला मिळणार पाच मिनिटं, त्यात ६४ झाडांची यादी वाचूनही होत नाही.

शेवटी कोंडी फुटली ती दोन कागदांमुळे. पहिला कागद म्हणजे दुसऱ्याच दिवशी दिलेली अर्धी हरकत. "झाडांची यादी व स्थळपाहणी अहवाल उपलब्ध करून दिलेला नाही. तो मिळताच झाडनिहाय सविस्तर हरकत सादर करू. तोवर ही प्राथमिक हरकत समजावी," असं लिहून आवक विभागात दिलं. मुदत हुकली, असं कुणी म्हणू शकत नाही. दुसरा कागद जास्त उपयोगी पडला : यादी ज्या दिवशी हातात मिळेल त्या दिवसापासून सात दिवस मोजावेत, अशी लेखी मागणी वृक्ष अधिकाऱ्याला केली आणि प्रत आयुक्तांना दिली. आता यादी दाबून ठेवली तर मुदतच लांबणार आणि रस्त्याचं काम पुढे जाणार. पाचव्या दिवशी दुपारी यादीची झेरॉक्स मिळाली.

दोन्ही कागदांवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" म्हणाले तरी तिथेच उभं राहायचं. ईमेल जरूर पाठवा, पण नुसत्या ईमेलवर विसंबू नका.

माहिती अधिकाराचा अर्जही पहिल्याच दिवशी टाकावा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस असल्याने हरकतीच्या मुदतीत तो कामाला येत नाही, पण पुढे कोर्टात जायची वेळ आली तर लागतो. त्यापेक्षा जलद वाट म्हणजे सोमवारची. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य सरकारचा २०१८ चा शासन निर्णय आहे आणि तो स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहे. त्याची प्रत छापून बरोबर न्या, कारण खिडकीवरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.

यादी अडली होती त्या दिवसांत एक काम केलं आणि पुढे सगळी मदार त्याच्यावर राहिली : स्वतःची यादी. शिंप्याची टेप, वही आणि दोन माणसं, दोन सकाळी. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, बुंध्याचा घेर घ्यायचा. बुंध्यापासून रस्त्याच्या कडेच्या दगडापर्यंतचं आणि दुसऱ्या बाजूला कुंपणाच्या भिंतीपर्यंतचं अंतर लिहायचं. क्रमांक असेल तर तो, आणि शेजारी जवळच्या दुकानाचं किंवा सोसायटीचं नाव. ही खूण टाळू नका. आमच्या रस्त्यावर प्रत्येक झाडाला तीन वेगळे क्रमांक निघाले : वृक्षगणनेचा, सल्लागाराच्या सर्वेक्षणाचा आणि बुंध्यावर पिवळ्या रंगाने रंगवलेला. कार्यालयाच्या यादीत यातला कोणता आहे, ते यादीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. घेर आणि दुकानाचं नाव हाताशी होतं म्हणून झाडं जुळवता आली.

जुळवल्यावर चुका दिसल्या. एक वड चार झाडं म्हणून मोजला होता, कारण जमिनीत रुजलेल्या पारंब्या वेगळे बुंधे धरल्या होत्या. दोन कडुलिंब दोनदा आले होते. सहा झाडं रुंदीकरणाच्या रेषेच्या बाहेर, चक्क पदपथाच्या आतल्या कडेला होती.

सगळ्यात बारकाईने पाहायचा रकाना वयाचा. २०२१ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी आल्या. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. आणि तोडायच्या झाडाचं वय जेवढं, तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे वय कमी लिहिलं की एका फटक्यात दोन्ही सुटतं. आमच्या यादीत साडेतीन मीटर घेराच्या पर्जन्यवृक्षाचं वय ४५ लिहिलं होतं, कशावरून ते काही नाही. "वय कोणत्या पद्धतीने काढलं?" हा प्रश्न प्रत्येक मोठ्या झाडापुढे लेखी विचारा. पुरावा म्हणून जुन्या इमारतीच्या बांधकाम परवानगीचा नकाशा, तारखेसह जुना फोटो आणि आधीच्या वृक्षगणनेतला घेर जोडा. वृक्षगणना दर पाच वर्षांनी करायची असते, तेव्हा मागची नोंद मागा.

कारणांचा रकानाही असाच तपासायचा. "धोकादायक" लिहिलं असेल, तर पोकळी, कल, बुंध्यावरची बुरशी याचा फोटो अहवालात आहे का? बऱ्याचदा झाड कलतं ते मलवाहिनीच्या चरासाठी एका बाजूची मुळं तोडल्यामुळे किंवा बुंध्याला भिडवून ओतलेल्या काँक्रीटमुळे. हे कारण झाडाचं नाही, कामाचं आहे, असं स्पष्ट लिहा. "पादचाऱ्यांना अडथळा" असेल, तर पदपथाची मोकळी रुंदी मोजा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पदपथांच्या मार्गदर्शिकेत किमान १.८ मीटर सांगितली आहे. झाडाच्या बाजूने तेवढी वाट उरत असेल, तर ते कारण टिकत नाही.

आणि रस्त्याचा आडवा छेद मागायला विसरू नका, तो पथ विभागाकडे असतो. डांबरी भाग, पार्किंगची पट्टी, पदपथ, प्रत्येकाची रुंदी त्यात असते. आमच्याकडे बारा झाडं पार्किंगच्या पट्टीत येत होती. दोन गाड्यांच्या मध्ये झाडाचं आळं ठेवता येतं, हे साध्या रेखाचित्राने दाखवल्यावर अभियंत्यांनाही नाही म्हणता आलं नाही.

सुनावणीबद्दल थोडंच. सगळ्यांनी तेच बोलू नये, झाडं वाटून घ्यावीत. फोटो मोबाइलवर दाखवू नका, कागदावर छापून हातात द्या. निघताना, आपले मुद्दे इतिवृत्तात आले पाहिजेत, हे लेखी मागा. मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायची होती, तेव्हा ८२ हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या, तरी परवानगी मिळालीच. नुसत्या संख्येवर विसंबू नये, एवढं ते प्रकरण पाहून नक्की कळतं.

पुनर्रोपणाच्या २३ झाडांकडे दुर्लक्ष करू नका, तिथे झाड कागदावर जगतं. वड, पिंपळ, उंबर नीट हलवले तर तगतात. मोठा गुलमोहर सहसा नाही. बुंध्याच्या व्यासाच्या आठ ते दहा पट रुंद मातीचा गोळा हवा, आणि मुळं काही आठवडे आधी टप्प्याटप्प्याने छाटून नवी तंतुमुळं फुटू द्यावी लागतात. सकाळी जेसीबी आणि संध्याकाळी क्रेन, याला पुनर्रोपण म्हणत नाहीत. नवी जागा कोणती, खड्डे तयार आहेत का आणि पाणी कोण किती दिवस घालणार, हे परवानगीच्या अटींत लिहून घ्या.

आमच्या ६४ पैकी १९ झाडं आदेशात वगळली गेली. बाकीच्यांसाठी परवानगी निघाली.

परवानगीनंतर १५ दिवस झाड तोडता येत नाही. उच्च न्यायालयात जायचं तर ही १५ दिवसांचीच खिडकी आहे. आदेशाची प्रत त्याच दिवशी मिळवा, कारण दिवस आदेशाच्या तारखेपासून जातात, तुम्हाला कळल्यापासून नाही. आरेमध्ये ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर २,१४१ झाडं पडली होती. शुक्रवारची संध्याकाळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सांभाळा.

करवत आलीच, तर मुकादमाकडे परवानगीपत्र मागा आणि त्यातला क्रमांक झाडाशी ताडून पाहा. आम्ही वगळलेल्या १९ झाडांची यादी क्रमांक, घेर आणि दुकानाच्या नावासह छापून प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनकडे दिली होती. औषधाच्या दुकानासमोरच्या सोनमोहराला सकाळी सातला दोर बांधला गेला. बुंध्यावरचा पिवळा क्रमांक पावसाने अर्धा गेला होता, पण वॉचमनच्या कागदावर "औषधाचं दुकान, घेर १.९ मीटर" असं होतं. टेप लावली, घेर जुळला, दोर सोडला.